सकाळी लंगडणारं लेकरू

मैत्रिणींनो, संधिवात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सासूबाईंचे गुडघे येतात. पण सोळा वर्षांच्या आतल्या मुलांनाही संधिवात होतो, अगदी दोन-तीन वर्षांच्या लेकरालासुद्धा. ती म्हातारपणासारखी सांध्यांची झीज नाही, वेगळा आजार आहे.

लहान मूल ‘दुखतंय’ असं सांगत नाही. सकाळी उठल्यावर कडेवर घे म्हणतं, लंगडतं, उकिडवं बसत नाही. आणि दहा-अकराला अंगणात पळायला लागतं! मग आपण म्हणतो, शाळेचा कंटाळा. नाहीतर घरातलं कुणी म्हणतं, वाढीचं दुखणं असेल. वाढीचं दुखणं खरंच असतं, पण ते नेमकं उलटं. संध्याकाळी-रात्री दोन्ही पाय ठणकतात, चोळून दिले की मूल झोपतं, सकाळी एकदम ठीक. सांधा सुजत नाही. म्हणून दोन्ही गुडघे, दोन्ही घोटे शेजारी धरून बघा. एक जाड, गरम लागला तर बिब्बा, मालीश करत बसू नका.

सूज सहा आठवडे टिकली आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर संधिवात म्हणतात. हे आठवडे घरी मोजायचे नाहीत बरं का. ताप आहे, सांधा लाल झालाय, पाऊल टेकवत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. सांध्यात पू असू शकतो. मूल पांढरं पडलंय, अंगावर काळे-निळे डाग आहेत, रात्री हाडं दुखतात, तर रक्ताचा कॅन्सर नाही ना, हे तपासावं लागतं.

आणखी एक आजार यात मिसळतो, रुमॅटिक ताप. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा, असं दुखणं फिरतं. बहुतेक पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी, अनेक वर्षं. बरं वाटतंय म्हणून अनेक घरं तेच बंद करतात.

रक्ताच्या रिपोर्टवर एकट्यावर विसंबू नका. ‘आरए’ निगेटिव्ह आला तरी मुलाला संधिवात असू शकतो; बहुतेक मुलांत तो निगेटिव्हच येतो. ‘एएसओ’ वाढलेला म्हणजे घशाचा संसर्ग होऊन गेला, एवढंच. निदान होतं ते डॉक्टरांनी सांधे हाताळून आणि आईने सांगितलेल्या हकिकतीवरून. गटाचा हिशोब लिहितो तसं वहीत लिहा: कधीपासून, कोणता सांधा, सकाळी किती वेळ आखडतो. मोबाईलवर सकाळच्या चालीचा व्हिडिओ काढा, कारण दुपारी दवाखान्यात मूल नीट चालतं.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांना दाखवा, पुढची चिठ्ठी मागा.

या संधिवातात काही मुलांच्या डोळ्याला आतून सूज येते, पण बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही. नजर जाईपर्यंत कळतच नाही. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पची तपासणी, सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी. आणि मेथोट्रेक्सेटची गोळी लिहून दिली तर ती आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. वार ठरवून पाकिटावरच लिहून ठेवा.