वड, पिंपळ, उंबर : पानाफळांवरून ओळख

शहापूर-मुरबाड परिसरात वड, पिंपळ आणि उंबर पाहिला नाही असा माणूस सापडणार नाही. परंतु हातभर उंचीचे रोप समोर आले की हीच ओळख चुकू शकते. विहाराच्या अंगणात बोधिवृक्ष म्हणून लावलेले रोप दुसऱ्याच जातीचे निघाले, तर ते ध्यानात येईपर्यंत वर्षे निघून जातात. म्हणून समाजबांधवांनी व विद्यार्थ्यांनी ही झाडे नीट ओळखावीत.

ही सर्व झाडे अंजिराची भावंडे होत. पान तोडताच पांढरा चीक येतो. ज्याला आपण फळ म्हणतो ती बारीक फुलांनी भरलेली बंद पिशवी असते. तिच्या तोंडाच्या छिद्रातून चिमुकले कीटक आत शिरतात व परागीभवन घडवतात. फुले बाहेर दिसतच नाहीत. म्हणून तर क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो.

पिंपळ : पान हृदयाकृती, देठ लांब, टोकाला २ ते ४ सेंटिमीटरची शेपटी. फळे पानाच्या बगलेत जोडीने, देठाविना, पिकल्यावर जांभळी.

पायर : खडकाळ जागी, कड्याकपारीत उगवते. पान पिंपळासारखेच, पण शेपटी आखूड. घोटाळा होतो तो येथेच.

वड : पान जाड, लंबगोल, टोक बोथट. फळे जोडीने, पिकल्यावर लाल. फांद्यांवरून पारंब्या सुटतात.

उंबर : ओढ्याकाठी आढळतो. पान लांबट, निमुळते. फळांचे घोस थेट खोडावर व जून फांद्यांवर लागतात. पारंब्या नसतात.

काळा उंबर : याचीही फळे खोडावर येतात, परंतु पाने खरखरीत व बहुधा समोरासमोर, फळे लवदार.

पाली परंपरेत यांना अस्सत्थ (पिंपळ), निग्रोध (वड) व उदुंबर अशी नावे आहेत. गौतम बुद्धांचा बोधिवृक्ष अस्सत्थ, कस्सप बुद्धांचा निग्रोध आणि कोणागमन बुद्धांचा उदुंबर, असे बुद्धवंसात सांगितले आहे. नावे निरनिराळी, तशा खुणाही निरनिराळ्या.

रोपाला फळ नसते. तेथे पानावरच भिस्त ठेवावी लागते. एका पानावरून निर्णय करू नये. पाच-सहा पक्व पाने पाहावीत. बहुतेकांना लांब शेपटी असेल तरच पिंपळ समजावा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडून जुन्या भिंतीत उगवलेले पिंपळाचे लहान रोप पावसाळ्यात मुळांसह अलगद काढून लावता येते. मात्र त्याची मुळे भिंत फोडतात. विहाराच्या बांधकामापासून ते दूर, मोकळ्या जागी लावावे. आज लावलेले झाड आपल्या नातवंडांना सावली देणार आहे. त्याची ओळख आजच पटवून घेणे हे आपले कर्तव्य आहे.