कापण्याआधी विचारायचा प्रश्न

चार मीटर खणाचं कापड मागवलं होतं आणि आलंही चारच मीटर. पार्सल टेबलावर उलगडलं तेव्हा त्यातून एकेक मीटरचे चार तुकडे निघाले. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं परकर-पोलकं शिवायचं होतं, घरात लग्न होतं आणि तारीख जवळ आली होती. खणाच्या कापडाला दोन्ही कडांना काठ असतो. परकर शिवताना एक काठ खाली घोळावर येतो आणि कापडाची लांबी कमरेभोवती चुण्यांत जाते. म्हणजे तीन मीटर घेराला सलग तीन मीटर कापड लागतं. मीटरा-मीटराचे तुकडे जोडले की प्रत्येक जोडापाशी काठ तुटतो, बुट्ट्या एका रेषेत राहत नाहीत आणि शिवण आतून टोचते ती वेगळीच. तुकड्यांची बेरीज बरोबर असली तरी त्यातून परकर होत नाही.

ऑर्डर देताना सूचनेच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘चारही मीटर सलग हवं, तुकडे नकोत.’ विक्रेत्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, “ताई, चार मीटर भरतंय की. मोजून बघा.” तो खोटं बोलत नव्हता. पुढे बोलता बोलता सगळा प्रकार उलगडला. त्याच्याकडे खण चोळीसाठीच जास्त खपतो, म्हणून एकेक मीटरचे तुकडे आधीच कापून, घड्या घालून फळीवर ठेवलेले असतात. पॅकिंग करणाऱ्या मुलीच्या हातात येते ती एक छोटी चिठ्ठी. तिच्यावर कापडाचा सांकेतिक क्रमांक आणि पुढे आकडा, 4. माझी सूचना त्या चिठ्ठीवर छापलीच जात नव्हती. तिने चार घड्या उचलल्या, पिशवीत भरल्या आणि पत्ता चिकटवला. तिच्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं.

हे सविस्तर सांगते आहे, कारण मी दोन्ही बाजूंना उभी असते. कापड, लेस, बटणं ऑनलाइन विकत घेते आणि शिवलेले कपडे व्हॉट्सॲपवरून विकते. ऑनलाइन मालाच्या नगाबद्दल आणि सूचनांबद्दल जे घोटाळे पाहिले, त्यांतले फार थोडे फसवणुकीचे होते. बहुतेक घोटाळे ग्राहक जिथे बोलतो ती जागा आणि माल जिथे भरला जातो ते टेबल, या दोहोंमधल्या अंतरात घडतात. गावातल्या कापड दुकानात हे अंतर नसतं. दुकानदार तागा उलगडतो, गज लावून मोजतो, कापडावर बोट ठेवतो आणि कात्री लावण्याआधी मान वर करून विचारतो, “कापू का?” त्या क्षणी गिऱ्हाईक म्हणतं, “थांबा, अजून पाव मीटर वाढवा,” किंवा “दोन वेगळे तुकडे करा.” ऑनलाइन विक्रीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो परत आणणं हे दोघांचंही काम आहे आणि त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही, एक ओळ पुरते.

ग्राहकाच्या बाजूने आधी पाहू. संख्येच्या चौकटीत आपण आकडा टाकतो. तो कशाचा आकडा हे विक्रेत्याने ठरवलेलं असतं. कापडाच्या कित्येक दुकानांत एक नग म्हणजे एक मीटर, पण काही ठिकाणी एक नग म्हणजे अर्धा मीटर. चौकटीत अपूर्णांक टाकता येत नाही, अडीच मीटर मागवण्याची सोय हवी, म्हणून ते अर्ध्या मीटरचं माप धरतात. तिथे 5 टाकले की अडीच मीटर येणार. लेसचा एक रोल बहुधा 9 मीटरचा असतो. फोटोत रोल दिसतो, किंमत मात्र मीटरची असते. बटणं नगावर, डझनावर आणि 144 च्या ग्रोसवरही विकली जातात. आंब्याच्या हंगामात तर ‘एक पेटी’ एवढ्यावर व्यवहार ठरतात. फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन बसतात, लहान असेल तर सहा-सात डझनही बसतात. पेटीचा भाव विचारताना आत किती डझन आणि फळ साधारण किती ग्रॅमचं, हे विचारलं नाही तर दोन विक्रेत्यांच्या भावांची तुलनाच होत नाही.

म्हणून वर्णनातली ‘प्रमाण’ ही ओळ किमतीच्या आधी वाचा. पॅकबंद मालाचं निव्वळ प्रमाण ऑनलाइन विक्रीच्या पानावर दाखवणं 1 जानेवारी 2018 पासून बंधनकारक आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 मध्ये तशी दुरुस्ती झाली आहे. सुट्या मालाला हा आधार मिळेलच असं नाही, तिथे विचारूनच घ्यावं लागतं. शेवटच्या पानावर पैसे भरण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. आठवड्यापूर्वी टोपलीत टाकून विसरलेली तीच वस्तू तिथे तशीच पडून असते, आज पुन्हा टाकली की आकडा दोन होतो.

सूचनांचं प्रकरण याहून नाजूक आहे. मोठ्या विक्री संकेतस्थळांवर बऱ्याचदा विक्रेत्याला काही लिहून कळवण्याची जागाच नसते. घराच्या पत्त्यात ‘कृपया गडद हिरवा द्या’ असं लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. तो पत्ता कुरिअरवाला वाचतो, कापड काढणारा वाचत नाही. जिथे रकाना असतो तिथेही तो वाचला जाईल याची खात्री नसते. सूचना लिहिली म्हणजे ती मान्य झाली, हा समज सोडून द्या. उत्तर आलं नाही तर ती पोचलीच नाही असं धरून चाला. सलग कापड, एकाच ताग्यातलं कापड (दोन ताग्यांच्या रंगात छटेचा फरक पडतोच), ठरावीक मापाचा गळा, अशी अट असेल तर आधी विचारा, लेखी ‘हो’ घ्या आणि मगच पैसे भरा. विचारताना एका वेळी एकच पर्याय द्या. ‘जांभळा, नाहीतर मरून, आणि तोही नसला तर तुम्हाला चांगला वाटेल तो’ अशा निरोपातून तिसराच रंग घरी येतो आणि मग तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

काही सूचना आवडीनिवडीच्या पलीकडच्या असतात. आमच्या शेजारच्या काकू दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. एका घरातून निरोप आला: चिवडा दोन किलो, शेंगदाणे नकोत. काकूंनी लगेच फोन करून विचारलं, नकोत म्हणजे आवडत नाहीत की चालत नाहीत? त्या घरातल्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. मग काकूंनी त्या घराचा चिवडा सगळ्यात आधी, धुतलेल्या कढईत, नव्या तेलात केला, डबा वेगळा बांधला आणि लाडूंत दाण्याचं कूट आहे हेही त्यांना सांगितलं. दाणे वेचून काढलेला चिवडा पाठवला असता तर त्या मुलाच्या जिवावर बेतलं असतं. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या प्रत्येकीने हा प्रश्न पाठ करून ठेवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि आपल्या स्वयंपाकघरात ती अट पाळता येणार नसेल तर ऑर्डर नाकारावी, त्यात काही कमीपणा नाही.

फराळातच दुसरा घोळ होतो तो प्रमाणाचा. ‘चकली, शेव, चिवडा दोन किलो’ म्हणजे प्रत्येकी दोन की मिळून दोन? काकू आता प्रत्येक ऑर्डर स्वतःच्या शब्दांत उलट लिहून पाठवतात: ‘चकली 2 किलो, शेव 2 किलो, चिवडा 2 किलो, एकूण 6 किलो, गुरुवारी संध्याकाळी. बरोबर ना?’ समोरून ‘बरोबर’ आलं तरच भाजणी भिजवायची. मीही तेच करते. ग्राहकाने पाठवलेला अंगठा मी होकार धरत नाही, कारण तो कशाला दिला हे नंतर दोघांनाही सांगता येत नाही.

विकणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावं. ग्राहकाशी बोलणारा आणि माल भरणारा वेगळे असतील, मग ते घरातले नवरा-बायको का असेनात, अटीची ओळ ठळक अक्षरांत पॅकिंगच्या चिठ्ठीवर उतरली पाहिजे. संकेतस्थळ छापत नसेल तर हाताने लिहा. नेहमीपेक्षा मोठा आकडा दिसला, कुणी एका साडीऐवजी दहा मागवल्या, तर आनंदाने भरायला बसण्याआधी फोन करा. शून्य चुकून पडलेलं असू शकतं, आणि परत आलेल्या मालाचं जाण्या-येण्याचं भाडं बहुधा आपल्याच माथी बसतं. एकच नग व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर आणि संकेतस्थळावर मांडला असेल तर शिल्लक मालाची वही एकच ठेवा, आणि एका ठिकाणी विकला गेला की बाकी दोन ठिकाणांहून आधी उतरवा. किंमत भरताना ती एका नगाची की पाकिटाची, हे माल मांडण्याआधी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. दहाच्या पाकिटाला एका नगाची किंमत लागली तर एका रात्रीत महिन्याची कमाई जाते.

एवढं करूनही चुकीचा माल आला तर त्याला कात्री लावू नका, धुऊ नका. पार्सल उघडण्याआधीच फोनचा कॅमेरा सुरू करा. पाकिटावरच्या चिठ्ठीवर वजन छापलेलं असेल तर तेही त्यात येऊ द्या. नग कमी आले असतील तर ते वजन फार उपयोगी पडतं. बिल बघा. जीएसटीच्या बिलावर संख्येबरोबर एककही लिहावं लागतं, मीटर, नग, डझन, जे असेल ते. तक्रार फोनवर सांगितलीत तरी ती संकेतस्थळावरच्या संवादात लेखी टाका: काय मागवलं, काय आलं, आणि बदली माल हवा की पैसे. भांडणाचा सूर लावायचं कारण नाही. माझ्या खणाच्या बाबतीत विक्रेत्याने सलग कापड पाठवलं, चार तुकडे परत घेतले, आणि पॅकिंगच्या चिठ्ठीवर सूचना छापायची व्यवस्थाही करून घेतली.

‘कापलेलं कापड परत घेतलं जात नाही’ ही पाटी पाहून पुष्कळजणी गप्प बसतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे माल जाहिरातीत सांगितल्यासारखा किंवा ठरल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला वा पैसे द्यायला नकार देता येत नाही. लेखी ‘हो’ घ्या असं मी वर म्हटलं ते यासाठीच. ‘ठरलं होतं’ हे दाखवायला तोच पुरावा. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तिथे दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, विक्रेता कुठल्या का राज्यातला असेना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

माझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना एक शंका नेहमी पडते: आपण धंद्यासाठी माल घेतो, मग आपण ग्राहक कसे? तसाच्या तसा पुढे विकायला घेतलेल्या मालाला हा कायदा लागू होत नाही, हे खरं. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेऊन स्वतः वापरलेल्या वस्तूला कायदा व्यापारी हेतू मानत नाही. शिलाई मशीन त्यात सरळ बसतं. कापडाच्या बाबतीत वाद निघू शकतो, म्हणून आधी 1915 वर विचारून घ्या आणि बिल स्वतःच्या नावाने असू द्या.