दिव्यात राहून निसर्गाची वही कशी ठेवावी?

प्रश्न : आम्ही दिवा पूर्वेला राहतो. निसर्गाची रोजनिशी ठेवावी असं फार मनात आहे. पण इथे इमारतीला खेटून इमारत, आणि सकाळ लोकल पकडण्यात जाते. जंगलात न जाता अशी वही ठेवता येते का? त्यात लिहायचं तरी काय?
— एक वाचक, दिवा

उत्तर : येते, आणि दिव्यात तर जरूर ठेवावी. अशा वहीला जंगल लागत नाही, एकच जागा पुन्हापुन्हा पाहावी लागते. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आलं. चैत्र ते फाल्गुन असं महिन्यांच्या क्रमाने जाणारं ते पुस्तक मुंबईत राहणाऱ्या लेखिकेचं आहे.

तुमच्या उशाशी तर उल्हास नदीची खाडी आहे, म्हणून तारखेशेजारी तिथी लिहा. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. पण ही किनाऱ्यावरची वेळ झाली. खाडीतून पाणी आत येईस्तोवर तुमच्याकडे आणखी उशीर होणार. तो किती, हे दोन-तीन महिन्यांच्या नोंदींतून तुम्हालाच काढता येईल. ओहोटीला चिखल उघडा पडला की बगळे, ढोकरी, तुतवार तिथे चरायला उतरतात. तेव्हा पक्ष्यांच्या नोंदीला पाण्याची वेळ जोडलीच पाहिजे. तिवराचं पानही निरखा. खाऱ्या पाण्यातलं जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं, आणि कोरड्या दिवसांत त्याचे पांढरे कण पानावर दिसतात.

घराजवळचं एक झाडही धरून ठेवा. पिंपळ असेल तर उत्तम. पानगळ, तांबूस पालवी, फळं, त्यावर कोण आलं, हे आठवड्यातून एकदा लिहिलं तरी पुरे. गायबगळ्याच्या डोक्यावर केशरी रंग कधी चढला, हिवाळी धोबी पहिल्यांदा कधी दिसला, त्या तारखा ठळक लिहा. पाहायला गेलात आणि काहीच दिसलं नाही, तर तेही लिहा. ती नोंद गाळलीत तर वही अर्धवट राहते. नाव माहीत नसलं तरी अडू नका. चित्र काढा. ते कसं दिसतं याची फिकीर नको. चोच सरळ की वाकडी, हे काढायला बसल्याशिवाय नीट पाहिलं जात नाही.

अशा साध्या तारखांचं मोल फार मोठं आहे. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरोने १८५०च्या दशकात आपल्या कॉन्कॉर्ड गावातली फुलं कधी उमलली ते टिपून ठेवलं होतं. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी ती टिपणं ताज्या नोंदींशी ताडली, तेव्हा तिथली अनेक फुलं सरासरी आठवडाभर आधी फुलू लागल्याचं दिसलं. आपल्याकडेही ‘सीझनवॉच’ हा उपक्रम सामान्य माणसांनी केलेल्या झाडांच्या नोंदी गोळा करतो. तुमच्या पिंपळाच्या नोंदी तिथे जरूर कळवा.

एक कळकळीची विनंती. नोंदीसाठी रुळांवर उतरू नका, लोकलच्या दारात लटकू नका. एखाद्या निवांत दिवशी वसईच्या गाडीत खिडकीशी बसा. कोपर सोडलं की खाडीचा पूल येतो. पहिली नोंद तिथूनच करा.