तळणाच्या तेलाचं बायोडिझेल की साबण?

प्रश्न : आमचा भजी-वड्यांचा गाडा आहे. उरलेल्या तेलाचं लिटरभर बायोडिझेल करून पाहिलं, तर साबणासारखा गोळा झाला. कुठे चुकलं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : गोळा झाला तो साबणच! वापरलेल्या तेलात पाणी आणि मोकळी आम्लं असतात; कॉस्टिक सोडा ती आधी गाठतो. म्हणून तेल गाळून, पाणी उडेपर्यंत तापवून थंड करा. मग 1 मिली तेल 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळा, फिनॉल्फ्थॅलिन टाका आणि लिटरमागे 1 ग्रॅम कॉस्टिकचं द्रावण थेंब-थेंब सोडा. गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिली लागले, तितके ग्रॅम कॉस्टिक नेहमीच्या 3.5 ग्रॅममध्ये वाढवायचं. हे प्रमाण लिटरभर तेलाचं. मिथेनॉल 200 मिली, तापमान 50-55 अंश. रात्रभरात गडद ग्लिसरीन तळाशी बसेल. करंजाच्या तेलात आम्लं बरीच, त्याच्या वाटेला आत्ता जाऊ नका. हात बसवायला आपल्याकडची ताजी करडईच बरी.

प्रक्रिया पुरी झाली का? 3 मिली बायोडिझेल 27 मिली मिथेनॉलमध्ये टाका. तळाशी तेल साचलं तर अपुरी.

मात्र हे स्वयंपाकघरात करू नका. मिथेनॉल विष आहे, डोळे जातात; त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. ओळखीच्या महाविद्यालयाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा गाठा आणि तयार झालेलं इंधन मोटारसायकलीत तर मुळीच ओतू नका.