नळ घरात आला; पाइप कुठून आला?



पावसाळ्यात औसा तालुक्यातल्या एका वस्तीत काविळीचा रुग्ण पाहायला गेले होते. सात महिन्यांची गरोदर सून, डोळे हळदीसारखे पिवळे. सासूबाई म्हणाल्या, "सिस्टर, आमी तर नळाचंच पानी पितो. हिरीचं न्हाई की बोअरचं न्हाई." तोटी नवी, चकचकीत होती. मी बाहेर येऊन पाइप कुठून येतो ते पाहिले. गंजलेला लोखंडी पाइप दारापुढच्या गटारातून आला होता आणि त्याच्या सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती.

सुनेला त्याच दिवशी लातूरला पाठवले. माय-लेकरू वाचले. पण दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस-ई ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर 20 ते 25 टक्क्यांपर्यंत माता दगावू शकतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर औषधाऐवजी पाइपबद्दल लिहिते आहे.

गटाराचे पाणी पाइपात शिरते कसे?

नळ चालू असतो तेव्हा आतला दाब पाणी बाहेर ढकलतो. फुटका सांधा गळतो, एवढेच. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि भोवतीचे पाणी त्याच चिरेतून आत ओढले जाते. पुढच्या पाळीला पहिले पाणी ती घाण घेऊन येते. आपल्या भागात पाणी रोज चोवीस तास कुठे येते? 2016 साली मांजरा धरण आटले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाळ्या जितक्या लांबतात, तितके जास्त दिवस पाइप रिकामे राहतात. त्यात नळाला थेट मोटर लावली तर ती पाण्याबरोबर घाणही ओढते. मोटर लावायचीच तर आधी पाणी हौदात घ्या आणि हौदातून वर चढवा.

गावात पाणीपुरवठ्याच्या विहिरीत किंवा टाकीत क्लोरीन टाकतात. पण तुमच्या दारातल्या गटाराची घाण मारायला ते पुरत नाही.

कोणता पाइप कुठे?

लोखंडी जस्ती (जीआय) पाइप मजबूत असतो. पण आपले बोअरचे पाणी जड आहे. आतून क्षार साचतात, जस्त झिजते, गंज चढतो आणि धार बारीक होते. सकाळी पहिले पाणी तांबूस येत असेल, तर पाइप आतून गेला आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी भागात उभ्या राहिलेल्या घरांना तीस वर्षे उलटली. तेव्हाचा लोखंडी पाइप अजून असेल, तर त्याला ठिगळे लावण्यात पैसा घालू नका.

जमिनीखालून, रस्त्यापासून घरापर्यंत: एचडीपीई किंवा एमडीपीई. हा गुंडाळी करून मिळणारा लवचिक पाइप आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. त्या ओढाताणीत ताठ पाइपचे सांधे निघतात. हा वाकतो पण तुटत नाही. सलग मिळत असल्याने मध्ये सांधाही लागत नाही.

घराच्या भिंतीत: सीपीव्हीसी. हा गरम पाण्यालाही चालतो. फक्त थंड पाणी असेल तर यूपीव्हीसी चालेल आणि तो स्वस्तही पडतो. दोन्ही उघड्या उन्हात ठिसूळ होतात, म्हणून गच्चीवर पांढरा रंग द्या किंवा झाकून घ्या.

शेतात उरलेला किंवा खूण नसलेला स्वस्त पाइप पिण्याच्या पाण्याला लावू नका. प्लास्टिकच्या काही पाइपांत शिसे वापरले जात असे. त्यावर केंद्र सरकारने 2021 मध्ये नियम केले. शिसे लेकरांच्या मेंदूला अपाय करते. दुकानात आयएसआयची खूण पाहा आणि पक्की पावती मागा. लोखंडी सांध्याला सुतळी आणि सफेदा लावण्याऐवजी टेफ्लॉन टेप लावायला सांगा. सफेद्यात शिसे असू शकते.

काम करून घेताना

1. सर्वांत भारी पाइपही गटारातून नेला तर पैसे वाया गेले. किमान दोन फूट खोल चर घ्या. पाइप गटारापासून शक्य तितका दूर आणि गटाराच्या वरच्या पातळीवर ठेवा. गटार ओलांडायचेच असेल, तर तेवढा तुकडा मोठ्या पाइपच्या आतून न्या आणि तिथे सांधा ठेवू नका.

2. प्लास्टिक पाइपला सोल्युशन लावल्यावर ते डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत वाळू द्या. चर बुजवण्याआधी पाणी सोडून प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहा.

3. नवा पाइप निर्जंतुक करा. 100 लिटर पाण्याला 15 ग्रॅम ताजी टीसीएल पावडर बादलीत कालवा, निवळू द्या आणि वरचे पाणी टाकीत घाला. प्रत्येक तोटीला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, मग तोट्या बंद करून 24 तास ठेवा. हे पाणी पिऊ नका. लेकरांना लांब ठेवा. नंतर वास जाईपर्यंत सगळे सोडून द्या.

4. काम होईपर्यंत पाणी खळखळून उकळूनच प्या. नंतर गावातल्या पाणी तपासणी संचावर तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना ही तपासणी शिकवायची आहे. आपल्या वस्तीतली एक बाई त्या पाचांत आहे का, हे ग्रामसभेत विचारा.

खर्च एका घराला जड जातो. चार घरांनी मिळून एकच चर खोदला तर मजुरी वाटली जाते. आणि मुख्य वाहिनीच गटारात असेल, तर तो आपल्या एकट्याच्या खिशाचा प्रश्न नाही. पाइपचा फोटो जोडून, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि पोच घ्या. नळजोडणीला हात लावण्याआधी परवानगीही लेखीच मागा.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्याचा खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये आला. पाण्यावरचा हक्क आपल्याला असा मिळालेला आहे. ते पाणी गटारातून आपल्या घरात येत असेल, तर हक्क अर्धाच पोहोचला. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्रासोबत पाणी गाळण्याचे वस्त्रही असते. पाणी पाहून, गाळून पिणे हा आपल्या धम्माचा जुना संस्कार आहे.

आज संध्याकाळी एक काम करा. तोटीपासून रस्त्यापर्यंत आपला पाइप कुठून जातो, ते चालत जाऊन पाहा. सोबत शेजारणीलाही घ्या.

जयभीम. नमो बुद्धाय.