काळ्या किल्ल्यालगतची धारावी
चिमाजी अप्पांची साष्टी मोहीम ज्या वर्षी सुरू झाली, त्याच १७३७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या आदेशाने मिठी नदीकाठी काळा किल्ला उभारण्यात आला. तोफांचा काळ सरला. पुढे कोळीवाड्याच्या शेजारी चर्मोद्योग, कुंभारकाम व शिवणकाम यांवर जगणारी दाट वस्ती वाढली. येथे घर आणि कारखाना अनेकदा एकाच खोलीत असतात. त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च वाचतो. परंतु धूर, सांडपाणी व अपुरी शौचालये यांमुळे आरोग्य धोक्यात येते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत ही सखल वस्ती जलमय झाली. म्हणून पुनर्विकासात मलनिस्सारण व पक्क्या घराबरोबर कामाची जागाही मिळणे अगत्याचे आहे. अन्यथा निवारा मिळेल, पण चूल विझेल.