दुखणं परत आलं म्हणून अनुभव खोटा ठरतो का?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥

या वेळचा अभ्यास-पाठ थोडा वेगळा आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावा, ही विनंती.

तीन वर्षांपूर्वी इंदूरच्या एका ताईंचा अनुभव आपण याच गटांवर पाठवला होता. किआरीचं ऑपरेशन झालं, खोकताना डोक्यामागे उठणारी कळ थांबली आणि ताई गुरुपौर्णिमेला स्वतः चालत आल्या. शेवटी आम्ही लिहिलं होतं, "व्याधी समूळ गेली." हे वाक्य डॉक्टरांचं नव्हतं, ताईंचंही नव्हतं, ते आमचं होतं.

मागच्या हिवाळ्यात ताईंच्या डाव्या हाताला पुन्हा मुंग्या येऊ लागल्या, मान जड झाली, अंधारात तोल जाऊ लागला. पाच महिने त्या कोणाला बोलल्या नाहीत. एकदा आरतीनंतर तापलेलं तबक उचललं आणि बोटांना फोड आले, ते त्यांना कळलंच नाही. सुनेने पाहिलं. "आई, हे कधीपासून?" असं विचारल्यावर ताई रडल्या. म्हणाल्या, "सगळ्यांना सांगून बसलेय ना, बरी झाले म्हणून. आता दुखतंय म्हटलं तर माझीच श्रद्धा कमी पडली असं होईल." ताईंच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत. चूक आमची होती.

आता थोडं समजून घेऊ. हान्स किआरी या डॉक्टरांनी १८९१ साली या विकाराचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. यात लहान मेंदूची खालची टोकं कवटीच्या तळाच्या भोकातून मानेकडे उतरतात, साधारण ५ मिलिमीटर किंवा जास्त. तिथे दाटी झाली की मेंदूभोवतीच्या पाण्याची ये-जा अडते. काहींच्या मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होते, तिला सिरिंक्स म्हणतात. गरम-गार आणि टोचल्याची जाणीव नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मधूनच ओलांडतात, म्हणून ते आधी दुखावतात. स्पर्श कळतो, चटका कळत नाही. ताईंच्या बोटांचं तेच झालं.

ऑपरेशनमध्ये डोक्यामागचं थोडं हाड आणि बहुधा मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान काढतात. पुष्कळदा मेंदूच्या आवरणाला ठिगळ लावून ते सैल करतात. म्हणजे जागा करून देतात. आधीच दुखावलेली नस पूर्ण भरून येईलच असं नाही, आणि थकवा, जागरण, ताप, थंडी यांत जुनी लक्षणं डोकं वर काढतात. पण नेहमी तेवढंच असतं असंही नाही. आतल्या व्रणाच्या जाळ्याने पाण्याची वाट पुन्हा अडू शकते, सिरिंक्स वाढू शकतो, डोक्यातला दाब वाढू शकतो, मणक्यांचा सांधा ढिला असू शकतो. काहींना दुसरं ऑपरेशन लागतं. कधी कारण भलतंच निघतं: बी१२ ची कमतरता, किंवा रोज रोज डोकेदुखीची गोळी घेऊन त्या गोळीनेच टिकलेली डोकेदुखी. घरी बसून यातलं काय आहे ते ओळखता येत नाही. पुन्हा एमआरआय करून जुन्या फिल्मशी ताडून बघावा लागतो. म्हणून जुन्या फिल्म टाकू नका, आणि काय, कधी, कशाने वाढतं ते वहीत लिहीत चला. डॉक्टरांपुढे बसलं की निम्मं विसरतं.

ठसका लागून गिळता येत नसेल, झोपेत श्वास अडकत असेल, हात-पाय नव्याने लुळे पडत असतील, लघवीवरचा ताबा जात असेल, नजर धूसर होऊन उलट्या होत असतील, किंवा ऑपरेशननंतरच्या दिवसांत जखमेतून पाणी झिरपत असेल, ताप येऊन मान आखडत असेल, तर पारायण संपायची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात.

ताईंचा सिरिंक्स पूर्वीपेक्षा लहानच निघाला, पाण्याची वाटही मोकळी होती. बी१२ मात्र फार कमी होतं. इंजेक्शनं सुरू आहेत, तोल सुधारलाय. बोटांचा बधिरपणा बहुधा राहणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुढचा एमआरआय सहा महिन्यांनी.

आणि श्रद्धेचं काय? रमण महर्षींच्या डाव्या हातावरच्या गाठीवर ऑपरेशनं झाली, गाठ पुन्हा पुन्हा आली, १९५० साली त्यांनी देह ठेवला. रामकृष्ण परमहंस घशाच्या कॅन्सरने गेले. त्यांची श्रद्धा कमी पडली असं म्हणायला आपली जीभ रेटत नाही. मग शेजारच्या ताईला कशी रेटते? देहाचे भोग देहाला असतात. आपले सद्गुरूही प्रसादाआधी गोळी घेतली का, हे विचारणारे.

केंद्रांसाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत. असा त्रास असलेल्यांनी साष्टांग नमस्काराऐवजी उभ्याने हात जोडावे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन नको, कारण जोर लागला की डोक्यातला दाब वाढतो. महाप्रसादाची पातेली त्यांना उचलायला देऊ नका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. हसू नका, कुंथण्यानेही तेच होतं. पोथी मान वाकवून नव्हे, उंच व्यासपीठावर ठेवून वाचावी. बधिर हातात आरतीचं तबक देऊ नये.

अनुभव पाठवणाऱ्यांना एक विनंती: "पूर्ण बरं झालं" असं आम्ही आता छापणार नाही. आज कसं आहे, तेवढं लिहून पाठवा. दुखत असेल तर तेही लिहा. ताई येत्या गुरुवारी खुर्चीवर बसून पोथी वाचणार आहेत, ज्यांना जमेल त्यांनी यावं.

जय सद्गुरू.